भिंतीवर न मावलेली नावे

कुलाब्याच्या एका कार्यालयात मी बावीस वर्षे नोकरी केली. त्या काळात नेव्हीनगरकडे जाणाऱ्या बसमध्ये वाहकाने ‘अफगाण चर्च’ असा पुकारा केलेला किती वेळा ऐकला असेल, याची गणती नाही. थांब्याचे नाव आपण पत्ता म्हणून वापरतो, त्याचा अर्थ विचारत नाही. मुंबईत कधीकाळी अफगाणी व्यापारी राहत असतील आणि त्यांच्या वस्तीजवळचे चर्च म्हणून हे नाव पडले असेल, असा एक अंदाज मनाशी बांधून मी स्वस्थ होते. ते चर्च म्हणजे या राजधानीच्या शहरातील सर्वांत जुन्या युद्धस्मारकांपैकी एक आहे आणि ज्या युद्धाचे ते स्मारक आहे त्यात आपल्या कोकणातली आणि देशावरची माणसे गेली होती, हे मला निवृत्तीनंतर कळले. तेही इतिहासाचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाच्यामुळे. ‘मावशी, इतकी वर्षे समोरून गेलीस आणि एकदाही उतरली नाहीस?’ असे त्याने विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेल्या भाद्रपदात, पितृपक्ष लागायच्या आधीच्या रविवारी, आम्ही दोघे तिथे उतरलो.

हा रविवार मी मुद्दाम निवडला होता. त्याचे कारण घरचे आहे आणि ते आधी सांगितले पाहिजे.

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात आहे. आमचे आडनाव हवालदार नाही, तरीही गावात आमच्या घराला आजही ‘हवालदारांचे घर’ म्हणतात. अशी घरे कोकणात आणि घाटावर गावोगाव सापडतील. सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक ही पदे कुठे आडनावे होऊन बसली, कुठे एखाद्या वाडीला चिकटली. यातली काही पदे शिवकाळापासूनची असली, तरी आमच्या घराचे नाव मुंबई इलाख्याच्या पलटणीतून आलेले आहे, असे माझी आजी ठामपणे सांगत असे. तिच्या सांगण्यानुसार दोघे भाऊ पलटणीत गेले होते. थोरला हवालदार होऊन परतला आणि त्याने घर बांधले. धाकटा मात्र ‘सिंधच्या पलीकडे, पाणी नसलेल्या मुलखात’ गेला आणि तिकडेच राहिला. पिढ्या मोजल्या तर काळ साधारण जुळतो, याहून अधिक मला काही म्हणता येणार नाही. थोरल्याचे नाव आमच्या वंशावळीत आहे, पण धाकट्याचे नाव कुठेच नाही. सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आमच्या घरी पाने वाढली जातात. त्यात एक पान या धाकट्याचे असते आणि त्या एकाच पानाशेजारी फुलपात्राऐवजी पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायची रीत आहे. लहानपणी मी आजीला कारण विचारले होते. ‘त्याला तांब्याच लागतो,’ एवढेच ती म्हणाली होती.

अफगाण चर्चचे मूळ नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. बसमधून उतरल्यावर प्रथम नजरेत भरते ते त्याचे शिखर. ते १९८ फूट उंच आहे. सरकारने चर्चसाठी जागा देताना, बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दिसेल असे उंच शिखर हवे, अशी अट घातली होती. कुलाबा तेव्हा नुकतेच मुंबईला जोडले गेले होते. कॉजवे १८३८ मध्ये पुरा झाला आणि योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईची फौज सिंधकडे जाणाऱ्या जहाजांत चढली. कोनशिला ४ डिसेंबर १८४७ रोजी बसवली गेली आणि चर्चचे विधिपूर्वक समर्पण ७ जानेवारी १८५८ रोजी झाले. शिखर पुरे व्हायला मात्र १८६५ उजाडले. आराखडा हेन्री कॉनिबेअर या शहर अभियंत्याचा. विहार तलावाचे पाणी मुंबईत आणण्याच्या योजनेमागे हाच माणूस होता, हे भाच्याने सांगितले तेव्हा मला त्या इमारतीविषयी एकदम आपलेपणा वाटला. माझ्या माहेरच्या चाळीत पहाटे नळाला येणारे पाणी आणि हे टोकदार शिखर यांचा असा काही संबंध असेल, असे कधी वाटले नव्हते.

बाहेरचा दगड पिवळसर करडा आहे आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने जागोजागी झिजलेला आहे. आत गेल्यावर बाहेरचा उजेड अचानक मंदावतो आणि पूर्वेच्या बाजूची रंगीत काच तेवढी उजळून दिसते. ही काच विल्यम वेल्स या इंग्लंडमधील कारागिराच्या हातची. आतली फरशी, जाळीकाम आणि वेदीमागची सजावट विल्यम बटरफिल्ड या नामांकित वास्तुविशारदाच्या कल्पनेतून उतरलेली आहे. सकाळची उपासना आटोपली होती आणि तिथली देखभाल करणारे एक वयस्कर गृहस्थ बाके पुसत होते. मी सवयीने दाराशी चपला काढू लागले, तेव्हा ते म्हणाले, ‘ताई, राहू द्या, इथे चालतं.’ तरीही आम्ही दोघांनी त्या बाहेर ठेवल्या. नक्षीदार फरशीचा गारवा तळपायांना लागला आणि तो मला अजून आठवतो.

बाकांपाशी त्या गृहस्थांनी आम्हाला थांबवले. बाकांना लाकडात कोरलेल्या खाचा आहेत. उपासनेला येणारे गोरे शिपाई आपल्या बंदुका त्या खाचांत टेकवून ठेवत असत. मी त्या खाचेवरून बोट फिरवले. वापराने तिची कड गुळगुळीत झाली आहे. देवापुढे गुडघे टेकतानाही बंदूक हाताशी ठेवावी लागेल, एवढे भय ज्या काळात होते, तो काळ त्या एका खाचेत मला जितका स्पष्ट दिसला तितका कोणत्याही पुस्तकात दिसला नव्हता.

मग आम्ही वेदीकडे गेलो. तिथल्या भिंतींवर नावे आहेत. पद, नाव, पलटण, मृत्यूचे ठिकाण, अशा ओळी एकाखाली एक लावलेल्या आहेत. कर्नल आहेत, कॅप्टन आहेत, आणि लेफ्टनंट व एन्साइन म्हणजे अगदी कोवळ्या वयाचे अधिकारीही आहेत. त्यांची नावे वाचताना मला कोणताही परकेपणा वाटला नाही. कुणाच्या तरी आईने इंग्लंडमधल्या एखाद्या गावात पत्राची वाट पाहिली असेल आणि पत्राऐवजी वर्तमानपत्रातली यादी हाती आली असेल, हेच मनात येत राहिले.

तिथेच स्मारकाचा मुख्य लेख आहे. भाचा तो मोठ्याने वाचत गेला आणि मी मनातल्या मनात मराठीत आणत गेले. आशय असा, की ज्या अधिकाऱ्यांची नावे या भिंतींवर लिहिली आहेत त्यांच्या, आणि अशा रीतीने नोंदता येऊ नयेत इतक्या मोठ्या संख्येच्या बिनसनदी अधिकाऱ्यांच्या व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले आहे. १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत आपल्या कर्तव्याची जाण ठेवून, आजाराने किंवा तलवारीने, हे सर्व जण पडले.

नोंदता येऊ नयेत इतके! या शब्दांपाशी भाचा थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याला पुन्हा एकदा वाचायला सांगितले. ‘बिनसनदी अधिकारी’ म्हणजे नाईक आणि हवालदार. आमच्या घराचे नाव त्या लेखात होते, फक्त माणूस नव्हता.

ते युद्ध थोडक्यात सांगायचे तर असे झाले. रशियाचा प्रभाव हिंदुस्थानच्या दाराशी येईल या धास्तीने गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांनी काबूलचा अमीर दोस्त मोहम्मद याला हटवून जुना शहा शुजा याला गादीवर बसवायचे ठरवले. त्यासाठी बंगालची फौज फिरोजपूरहून निघाली आणि मुंबईची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली जहाजांनी सिंधूच्या मुखाशी उतरली. मुंबईच्या फौजेत लढणारी माणसे साडेपाच हजारांच्या आसपास होती. त्यांच्यामागे पखालवाले, डोलीवाले, उंटवाले, आचारी, मोतद्दार असा कित्येक पट मोठा लवाजमा होता. बोलन खिंड ओलांडून फौजा कंदाहारला पोहोचल्या, २३ जुलै १८३९ रोजी गझनीचा दरवाजा सुरुंगाने उडवून किल्ला घेतला गेला आणि ऑगस्टमध्ये काबूल ताब्यात आले. त्यानंतर दोन वर्षांनी काबूलमध्ये उठाव झाला. जानेवारी १८४२ मध्ये साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बिनलढाऊ माणसे बर्फातून माघारी निघाली, त्यांची वाटेतच कत्तल झाली आणि १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन हा एक युरोपीय जखमी अवस्थेत जलालाबादला पोहोचला. इतिहासाच्या पुस्तकात सहसा हाच प्रसंग असतो. काबूलच्या त्या तळावर मुख्यतः बंगालच्या पलटणी होत्या. मुंबईच्या पलटणींचे मरण त्याच्या दक्षिणेला, सिंध आणि बलुचिस्तानच्या उन्हात झाले. त्यात एका दिवसाची मोठी कत्तल नव्हती, म्हणून त्याची गोष्टही झाली नाही.

इथे मराठी वाचकाला एक शब्द आठवल्यावाचून राहणार नाही, तो म्हणजे ‘अटकेपार’. १७५८ मध्ये मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या आणि तो पराक्रम आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन राहिला. आजही कुणी परदेशात नाव काढले, तर आपण त्याने अटकेपार झेंडा लावला असे म्हणतो. त्यानंतर अवघ्या ८० वर्षांनी, पेशवाई बुडाल्यावर २० वर्षांनी, याच मातीतली माणसे पुन्हा सिंधू ओलांडून गेली. पहिल्या खेपेपेक्षा पुष्कळ पुढे गेली. पण या वेळी झेंडा दुसऱ्याचा होता, आणि म्हणून त्यांच्या त्या चालीसाठी आपल्या भाषेने एकही शब्द राखून ठेवला नाही. पराक्रम कुणासाठी केला हे पाहूनच आपण तो आठवणीत ठेवायचा की नाही ते ठरवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. तरी जे पोटासाठी गेले, ज्यांनी खाल्ल्या मिठाला जागून जीव दिला, त्यांना इंग्रजांनी संख्येत घातले आणि आपण संख्येतही घातले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या मोहिमेतली काहुनची हकीकत मी घरी आल्यावर वाचली. ती प्रत्येक मराठी घरात सांगितली जावी, इतक्या तोलाची आहे. काहुन हे बलुचिस्तानातल्या मर्री टोळीच्या डोंगरांतले एक मातीच्या तटाचे ठाणे. १८४० च्या मे महिन्यात कॅप्टन लुइस ब्राउन यांच्या हाताखाली मुंबईच्या पाचव्या नेटिव्ह इन्फंट्रीची एक लहान तुकडी, जेमतेम दीडशे शिपाई, तिथे अडकली. सभोवती हजारो मर्री टोळीवाले होते. त्यांना सोडवायला ऑगस्टच्या अखेरीस मेजर क्लिबॉर्न यांची मोठी तुकडी निघाली. ३१ ऑगस्टला नफुस्कच्या खिंडीत तिची गाठ पडली आणि तिथे तिचा पूर्ण पराभव झाला. त्या लढाईची वर्णने वाचताना तलवारीपेक्षा तहानेचाच उल्लेख अधिक येतो. खिंडीच्या तोंडाशी पाणी मिळेल या आशेने उन्हात चालून गेलेल्या माणसांना पाणी मिळाले नाही, पाणी शोधायला पाठवलेली जनावरे आणि माणसे परत आली नाहीत, आणि कित्येक जण जखमांनी नव्हे तर कोरड्या घशाने मेले.  काहुनमधले शिपाई मात्र आणखी जवळपास एक महिना टिकून राहिले. अखेर मर्री सरदाराशी करार झाला आणि सप्टेंबरच्या शेवटी ही तुकडी आपली तोफ ओढत, हत्यारांसह, ते डोंगर उतरून सुखरूप बाहेर आली. मर्रींनी दिलेला शब्द पाळला, हेही नोंदवले पाहिजे.

‘काहुन’ हा त्या पलटणीला मिळालेला रणसन्मान होता. हीच पाचवी पलटण पुढे १०५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि आज ती मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन आहे. जवान तिला अजूनही ‘काळी पाचवी’ म्हणतात. कॅप्टन ब्राउन यांचे नाव प्रत्येक वर्णनात आहे. तोफ किती पौंडी होती तेही सापडते. पण त्या तटावर पाच महिने पहारा देणाऱ्या शिपायांपैकी एकाचेही नाव मला सहजपणे कुठे सापडले नाही.

आता ‘नोंदता येऊ नयेत इतके’ या शब्दांकडे परत येते, कारण तेव्हापासून ते माझा पाठलाग करीत आहेत. मी आयुष्यभर आस्थापना विभागात काम केले, पगारपत्रके तयार केली. कंपनी सरकारचा कारभार किती काटेकोर होता हे कोणत्याही दप्तरखान्यात दिसते. पलटणीच्या हजेरीपटावर प्रत्येक शिपायाची नोंद असे. त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, भरतीची तारीख, सारे लिहिलेले असे, कारण पगार नावावर निघतो आणि मेलेल्याचा पगार बंद करायचा तर आधी तो कोण हे ठाऊक असावे लागते. म्हणजे नावे होती. ती लिहिण्याइतका कागद आणि शाई होती, लिहिणारे कारकून होते. फक्त भिंत त्यांच्यासाठी नव्हती.

आणि याच सरकारने त्याआधी शिपायांची नावे दगडावर कोरली होती, हे विसरून चालणार नाही. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर भीमेच्या काठी जो स्तंभ उभा राहिला, त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यातली २२ ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. ज्या समाजाला गावात पाण्याला शिवायची मुभा नव्हती, त्याच्या माणसांची नावे दगडावर आली आणि म्हणूनच पुढच्या पिढ्यांना ती वाचता आली. तिथून किती मोठी ऊर्जा निर्माण झाली, हे महाराष्ट्राला सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी सकपाळ याच मुंबई इलाख्याच्या सैन्यात सुभेदार होते आणि निवृत्तीनंतर दापोलीच्या कॅम्पात येऊन राहिले होते. दापोली आमच्या गावापासून फार दूर नाही. सिंध आणि अफगाणिस्तानात पडलेल्या मराठा, महार, मुसलमान, बेने इस्रायली शिपायांची नावे कुलाब्याच्या भिंतीवर आली असती, तर आज कितीतरी घरे रविवारी त्या थांब्यावर उतरली असती.

चर्चच्या समर्पणाची तारीख मी वर दिली आहे. ७ जानेवारी १८५८. या तारखेकडे भाच्याने माझे लक्ष वेधले. तेव्हा उत्तरेत उठाव शमलेला नव्हता आणि झाशी अजून राणीच्या हाती होती. त्याच्या तीनच महिने आधी, १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात मुंबईच्याच फौजेतल्या दोघांना, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांना, कटाच्या आरोपावरून तोफेच्या तोंडी देण्यात आले होते. मैदानापासून हे चर्च बसने अर्ध्या तासाच्या आत येते. सरकारसाठी परमुलखात मेलेल्या शिपायांची नावे त्या भिंतीवर नाहीत आणि सरकारविरुद्ध उठल्याबद्दल मारलेल्या दोघांची नावे मात्र कागदोपत्री पक्की राहिली. हा विचार मनात आला, तेव्हा आम्ही बाहेर पायरीवर बसलो होतो आणि भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

परतताना त्याने मला आणखी एका ठिकाणाविषयी सांगितले आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही तिकडेही गेलो. मशीद बंदरला, गोदीच्या बाजूला, इंडियन सेलर्स होम नावाची खलाशांची इमारत आहे. मालवाहू ट्रक, हातगाड्या आणि मसाल्याच्या वखारींचा वास यांच्या गर्दीतून तिथे पोहोचावे लागते. आत पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक आहे. रॉयल इंडियन मरीनचे आणि व्यापारी जहाजांवरचे हे लोक, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी तिथे नावांचे पुस्तक आहे. त्यात तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरचे सहा हजारांच्या घरातले खलाशी आहेत. तशीच दुसरी प्रत चितगावला ठेवलेली आहे, कारण बंगालच्या बाजूचे खलाशी तिथले होते.

इथे नावे आहेत. मी ती वाचत उभी राहिले आणि कुलाब्यात न आलेले रडू मला इथे आले. ही सगळी आमच्या किनाऱ्याच्या ओळखीची नावे होती. नावापुढे काम लिहिलेले, सारंग, टंडेल, खलाशी, भंडारी, आगवाला. सारंग आणि टंडेल ही तर आज आपल्याकडे आडनावे आहेत, शाळेत माझ्या वर्गात दोन्ही आडनावांच्या मुली होत्या. बॉयलरपाशी कोळसा ओढणारी माणसे जहाजाच्या सर्वांत खालच्या भागात असत, पाणबुडीचा टॉर्पेडो लागला की वर यायची संधी त्यांनाच सर्वांत कमी मिळे. त्यांची नावे त्या फलकांवर कप्तानाच्या नावाइतक्याच आकाराच्या अक्षरांत असावीत, असा नियम युद्धस्मारकांची जबाबदारी सांभाळणाऱ्या आयोगाने १९१७ नंतर केला. हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताचे नाव लिहायचे, हे त्यामागचे तत्त्व.

ते तत्त्व सगळीकडे पाळले गेले नाही, हेही मला लिहिले पाहिजे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीनही मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शरणागती पत्करली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतल्या कितीतरी घरांत त्या युद्धाचे बिल्ले अजून ट्रंकेत आहेत. या माणसांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांची आहेत, आणि साध्या भारतीय शिपायांचा पलटणवार फक्त आकडा आहे. अफगाण चर्चनंतर सत्तर-ऐंशी वर्षांनी तीच भिंत पुन्हा बांधली गेली. एप्रिल २०२१ मध्ये आयोगानेच नेमलेल्या समितीने हा भेदभाव मान्य केला. मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या निदान १ लाख १६ हजार मृतांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो, असे त्या अहवालात म्हटले आहे. त्याबद्दल माफीही मागण्यात आली.

मला माफीपेक्षा यादी महत्त्वाची वाटते. दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले, तिथे स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे एकेका दगडावर स्वतंत्रपणे कोरलेली आहेत. मी ते पाहिले आहे. एक वृद्ध बाई खाली वाकून एका दगडावर हात ठेवून उभ्या होत्या, त्यांना त्या दगडापर्यंत पोहोचायला कुणाची मदत लागली नव्हती. हजेरीपटांची जुनी दप्तरे जिथे जिथे शिल्लक असतील, तिथून निदान मुंबई इलाख्याच्या पलटणींची नावे कुणीतरी उतरवून काढावीत आणि ती मराठीत वाचता येतील अशी ठेवावीत. त्या भिंतीवर नव्हे, तिला तिचा इतिहास राहू द्यावा. पण गावाच्या नावाने शोधता येतील अशी कुठेतरी ठेवावीत. खेडचा माणूस खेड शोधेल, महाडचा महाड शोधेल. भाच्याने हे काम कुठून सुरू करता येईल याची चौकशी सुरू केली आहे आणि मी त्याला जुनी मोडी अक्षरे लावायला मदत करणार आहे, तेवढी मला अजून येतात.

सर्वपित्रीला मला गावी जाता आले नाही. रात्री भावाला फोन केला आणि सगळे यथासांग झाले का, असे विचारले. कुलाब्याला पाहिलेले, नफुस्कविषयी वाचलेले, सारे मी त्याला आधीच सविस्तर कळवले होते. त्यावर तेव्हा तो काही बोलला नव्हता. आता म्हणाला, ‘झालं गं ताई. पानं वाढली. त्याच्या पानाशी यंदा दोन तांबे ठेवले.’

मी विचारले, दुसरा कशाला?

‘त्याच्यासोबत जे होते ना, त्यांच्यासाठी.’